घरी सूत कातताना आणि रंगवताना या चुका टाळा

सुतावर रंग बसला नाही की लोक रंगाला दोष देतात आणि पुढच्या वेळी दुप्पट रंग घालतात. बिघाड मात्र बहुतेक वेळा भांडं चुलीवर चढण्याआधीच झालेला असतो. म्हणून सुरुवात चरख्यापासून करू. इथलं सगळं कापसाबद्दल आहे. लोकर आणि रेशीम रंगाशी वेगळं वागतात, आणि त्यांचे नियम कापसाला लावणं हीच एक मोठी चूक आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

धागा सारखा तुटतोय? हाताला बोल लावण्याआधी चरखा बघा. पेटी चरख्याची चाती, म्हणजे धाग्याला पीळ देणारी टोकदार सळई, नाजूक असते. पेटी घाईने मिटली किंवा हातून पडली की ती वाकते. चाक हळू फिरवून चातीच्या टोकाकडे पाहा. टोक थरथरत असेल तर कितीही सरावलेल्या हाताचा धागा तुटणारच. मग माळ, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणारी दोरी, तपासा. सैल माळ चाकावर फिरते, पण चातीला ओढत नाही. अशा वेळी धाग्याला पीळ कमी मिळतो आणि आपण मात्र नेहमीच्या वेगाने हात मागे नेत राहतो.

दोन्ही ठीक असूनही धागा तुटत असेल तर पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, दोषी. पेळू घट्ट वळलेला असेल किंवा मुठीत आवळून धरला असेल तर तंतू मोकळे सुटत नाहीत. कापूस नीट पिंजलेला नसेल तर गुठळी येते, तिच्या पुढचा धागा बारीक होतो आणि तिथेच तुटतो. पेळू दोन बोटांत अलगद धरायचा, इतकंच. हवेचाही हात असतो. मुंबईत कापड गिरण्या फोफावल्या त्यामागे तिथली दमट हवा हेही एक कारण होतं, कारण कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी कातायला बसणं म्हणजे स्वतःवर चिडण्याची तयारी. पहाटे बसा.

नवशिक्यांची आणखी एक हमखास गफलत म्हणजे धाग्याचा कोन. पीळ देताना धागा चातीच्या टोकावरून घसरत राहिला पाहिजे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक पीळ चढतो. धागा चातीशी काटकोनात आणला की तो गुंडाळला जातो. गुंडाळायच्या वेळी हेच हवं असतं, कातताना नको. कातलेला धागा हलके ओढून पाहा. तंतू एकमेकांवरून सरकत सुटले तर पीळ कमी आहे. सैल सोडल्यावर धाग्याला जागोजागी वेटोळी पडत असतील तर पीळ जास्त आहे, पण त्याची फार चिंता नको. उकळल्यावर तो बराच शांत होतो.

आता लडी, म्हणजे कातलेल्या सुताचं सैल वेटोळं, बांधण्याबद्दल. रंगवलेल्या लडीवर पांढरे पट्टे उमटतात ते बांधणीच्या दोऱ्यामुळे. दोरा घट्ट आवळला की खाली रंग पोचत नाही. (बांधणीच्या साड्या याच तत्त्वावर होतात, पण तिथे ते हौसेने केलेलं असतं.) चार ठिकाणी, इंग्रजी आठच्या आकारात, बोट सहज जाईल इतकं सैल बांधा. एकाच ठिकाणी बांधलेली लडी भांड्यात अशी गुंतते की शेवटी कात्रीच घ्यावी लागते.

मग उकळणं. सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात. हातकताईचं सूत स्वच्छ दिसतं, पण कापसावर नैसर्गिक मेण असतं आणि त्यावरून रंगाचं पाणी निथळून जातं. १०० ग्रॅम सुताला तीन-चार लिटर पाणी आणि चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा घ्या. खाण्याचा सोडा नको. तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. ते टाका आणि सूत धुऊन घ्या. सूत वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. तो लगेच आत शिरला तर काम झालं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा.

यानंतर मीठ आणि व्हिनेगर येतं. लोकर-रेशमाचे नियम कापसाला लावण्याची चूक होते ती इथेच. ‘रंग पक्का करायला मूठभर मीठ घाला’ हा सल्ला कुठेही मिळेल, पण कापसावर नैसर्गिक रंग पक्का करायला दोघांचाही उपयोग नाही. त्याला हिरडा आणि तुरटी हवी. कोरड्या सुताच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून सूत त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पिळून घ्या, धुऊ नका. नंतर तेवढीच तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात सूत काही तास भिजवा. हिरडा लावलेल्या सुताला लोखंड लागू देऊ नका. गंजक्या तारेवर वाळत घातलेल्या लडीवर काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. गूळ आणि गंजक्या खिळ्यांचं आंबवलेलं पाणी वापरून काळा रंग मुद्दाम करतात तो याच गुणामुळे. भांडं स्टीलचं घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

रंग निवडतानाही फसगत होते. बीट आणि जास्वंद भांड्यात देखणी दिसतात, सुतावर टिकत नाहीत. पळसाची फुलं रंगपंचमीला उत्तम, पण तो रंग धुतला जातो हीच तर त्याची सोय. हळद झटकन चढते, उन्हात तितक्याच झटकन उडते आणि साबण लागला की लाल पडते. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पिवळा हवा असेल तर डाळिंबाच्या साली वाळवून ठेवा. लालसाठी मंजिष्ठा (एका वेलीची मुळं), पण ती खळखळा उकळलीत तर विटकरी-तपकिरी रंग हाती येईल. पाण्यातून वाफ निघावी, बुडबुडे येऊ नयेत, अशा आचेवर तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. भांडं लहान असेल तर लडीवर ढग उमटतात. १०० ग्रॅमला निदान तीन लिटर पाणी हवंच.

निळीची, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या निळ्या रंगाची, गोष्ट वेगळी. तिला हिरडा नको, तुरटीही नको. फक्त हवेपासून जपावं लागतं. नीळ, चुना आणि फळसाखर (फ्रुक्टोज) यांचं पाणी तयार झालं की ते आतून पिवळसर हिरवं दिसतं. निळंच दिसत असेल तर ते अजून तयार नाही, थांबा. ओली लडी हळूच आत सोडा आणि हळूच काढा. खळबळ केली की हवा मिसळते आणि नीळ तिथेच फुकट जाते. बाहेर आलेली हिरवी लडी मिनिटा-दोन मिनिटांत डोळ्यांदेखत निळी होते. ती पूर्ण निळी झाल्याशिवाय पुन्हा बुडवू नका. गडद रंगासाठी एकदाच दाट पाण्यात बुडवण्यापेक्षा पातळ पाण्यात पाच-सहा वेळा बुडवा. दाट पाण्यातली नीळ सुतावर नुसती वर बसते आणि पुढे विणताना बोटं निळी करते.