पीसी फास्ट करायच्या नादात या चुका टाळा

"मशीन लई हँग मारतंय, फॉरमॅट मारून द्या की." सांगली-मिरजेतल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसा, हे वाक्य कानावर पडणारच. नाडी बघायच्या आत 'सुई मारा' म्हणणाऱ्या पेशंटसारखी ही गिऱ्हाइकं. फॉरमॅटनंतर पंधरा दिवस मशीन पळतं आणि मग पुन्हा तेच रडगाणं, कारण दुखणं कुठं आहे ते कुणी बघितलेलंच नसतं.

बघायला दोन मिनिटं पुरतात. मशीन चालू करून पाच-सात मिनिटं हात लावू नका, विंडोजला आपली सुरुवातीची कामं उरकू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा) आणि डिस्क हे तीन रकाने बघा. काहीच उघडलेलं नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली असेल तर संशय आधी हार्डडिस्कवर घ्या. मेमरी ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयू चढलेला असेल तर रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा, खाणारा प्रोग्रॅम सगळ्यात वर येतो. एवढं न बघता उपाय सुरू करणारेच पुढच्या सगळ्या चुका करतात.

एमएसकॉन्फिगची 'ट्रिक'

'पीसी दहापट फास्ट' छापाच्या व्हिडिओंत ही हमखास असते. रनमध्ये (विंडोज आणि आर एकदम दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत) एमएसकॉन्फिग टाका, बूट टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा, 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर टिक करून सगळ्यात मोठा आकडा निवडा, 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करा, रीस्टार्ट करा. सांगणारा इतक्या आत्मविश्वासानं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटतं, कंपनीनं आपले निम्मे कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) कुलूप लावूनच दिले होते.

या दोन्ही टिका वेग वाढवण्यासाठी नाहीत, मर्यादा घालण्यासाठी आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कमी रॅमवर किंवा कमी कोअरवर चाचणी घ्यायची असते, तेव्हाची ही सोय. टिक नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर आणि सगळी रॅम आपोआप वापरतंच. टिक करून सगळ्यात मोठा आकडा दिला तर फरक शून्य. आकडा चुकला तर नुकसान.

नुकसान कसं होतं ते मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातल्या मशीनवरून बघा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. हळदीची आवक जोरात, वर मार्चएंड, आणि हिशेबाचा टॅली प्रोग्रॅम उघडायला चार-चार मिनिटं. शेतकरी पट्टीसाठी उभा आणि दिवाणजी पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडं बघत बसलेले. मालकांचा भाचा सुट्टीला आला होता. त्यानं एका दुपारी चार व्हिडिओ बघून हे केलं: मॅक्झिमम मेमरीत २०४८ लिहिलं, एक फुकटचा बूस्टर (मशीन पळवतो म्हणणारा प्रोग्रॅम) टाकला, आधीच्या अँटिव्हायरसवर दुसरा अँटिव्हायरस टाकला आणि रात्रभर डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फायली सलग लावायचं काम) लावून दिलं. दुसऱ्या दिवशी टॅली उघडायला नऊ मिनिटं.

झालं असं. २०४८ लिहिल्यामुळं ४ जीबीतली निम्मी रॅम विंडोजला दिसेनाशी झाली. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केल्यावर खाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' असा आकडा असतो. इनबिल्ट ग्राफिक्ससाठी थोडी जागा राखीव असणं नॉर्मल आहे, पण इथं तो आकडा २ जीबीचा होता. उरलेल्या दोन जीबीत विंडोज, टॅली, क्रोम आणि दोन अँटिव्हायरस. मावणार कसे? रॅम संपली की विंडोज जास्तीचा माल हार्डडिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे सगळा भार डिस्कवर. आणि डिस्क तर आधीच मरायला टेकलेली.

ते दाखवायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा फुकट प्रोग्रॅम पुरतो. हिरवा-निळा 'गुड' दिसला तर ठीक. इथं पिवळा 'कॉशन' होता आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्याच्या जागी आकडा होता. डिस्कला काही जागा धड वाचता येत नाहीत, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, असा त्याचा अर्थ. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला एक-दोन एमबीसुद्धा नसतो, तो यामुळंच. अशा डिस्कवर रात्रभर डिफ्रॅग लावणं म्हणजे दम्याच्या म्हाताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर पळवत नेणं.

आता सोडवायचं कसं, क्रम महत्त्वाचा. पिवळं दिसल्यावर पहिलं काम डेटा बाहेर काढायचं, वेग नंतर. टॅलीचा डेटा फोल्डर, एक्सेलच्या फायली, डेस्कटॉपवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. क्लोनिंगचा, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल काढायचा मोह टाळा, खराब सेक्टरवर क्लोन बऱ्याचदा अडकतो आणि तेवढ्यात डिस्क आणखी खचते. त्यानंतर २५६ जीबीची अडीच इंची साटा (डिस्क जोडायचा नेहमीचा पोर्ट) एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क बसवून त्यावर कोरं विंडोज. जुन्या मदरबोर्डवर साटा-दोनचा पोर्ट असेल तर एसएसडीचा सेकंदाला ५०० एमबीचा पूर्ण वेग मिळत नाही, पण काळजी करू नका. रोजच्या कामात खरा फरक बारीक बारीक फायली उचलण्यात पडतो आणि तिथं हार्डडिस्क एसएसडीच्या आसपासही येत नाही. हे सगळं झाल्यावर दिवाणजींची टॅली काही सेकंदांत उघडायला लागली. भाच्याची टिक काढायला अर्धा मिनिट लागला होता, डेटा वाचवायला अख्खा दिवस.

एक सावधगिरी. एम.टू स्लॉट (चपट्या एसएसडीची खाच) दिसला म्हणून डोळे झाकून एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान जातीची एसएसडी घेऊ नका. काही जुन्या लॅपटॉपांत तो स्लॉट फक्त साटाचा असतो. मॉडेल नंबर टाकून आधी खात्री करा.

बूस्टर, क्लीनर, रजिस्ट्रीची सफाई

रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंग्जची नोंदवही, हे तलाठ्याचं दप्तर समजा. त्यातल्या जुन्या नोंदी फाडून टाकल्या म्हणून तलाठी पळत सुटत नाही, उलट एखाद्याचा उतारा मात्र गायब होतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही. रॅम 'मोकळी करणारे' प्रोग्रॅम तर त्याहून अवघड. ते रॅममधला माल पेजफाइलमध्ये ढकलतात, आकडा कमी दिसतो, आणि तुम्ही पुन्हा क्लिक केलं की तोच माल डिस्कवरून परत आणावा लागतो. नाव मोठं असलं म्हणून निर्धास्त राहू नका. २०१७ साली सीसीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच चोरट्यांनी मालवेअर घुसवला होता, तोही अधिकृत डाउनलोडमधून.

सफाई करायचीच तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. त्यात 'डाउनलोड्स'वरची टिक आधी काढा, नाहीतर डाउनलोड केलेले सात-बारा आणि रिटर्नच्या पावत्या कचऱ्याबरोबर जातात. विंडोज फोल्डरमध्ये हातानं काहीही डिलीट करू नका, प्रीफेच सुद्धा नाही. प्रीफेच हा कचरा नाही. कुठला प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं याची ती विंडोजची चिठ्ठी असते. फाडली तर पुढची सुरुवात उलट सावकाश होते.

सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरू देऊ नका, पंधरा टक्के तरी मोकळा ठेवा. एसएसडीला बाहेरचं डिफ्रॅग नको, विंडोज तिची देखभाल ठरलेल्या वेळी आपोआप करतं. पेजफाइल बंद करू नका. दोन अँटिव्हायरस नकोत. विकतचा नसेल तर विंडोजचा डिफेंडर पुरे. 'लाइट' नावाचं कुणीतरी कापून-छाटून दिलेलं विंडोज आणि सोबतचा ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसताना विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम) घ्यायचा असेल, तर त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. एवढंच सांगणं.

शटडाउन म्हणजे रीस्टार्ट नव्हे

'मी रोज संध्याकाळी बंद करतो' असं म्हणणाऱ्याच्या मशीनवर टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'अप टाइम' तेवीस दिवस दिसतो. खोटं कुणीच बोलत नसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. तेवीस दिवसांचा गाळ तसाच. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, बाकी काही करायची गरज नाही.

धूळ

यार्डातल्या मशीनचं झाकण उघडलं की प्रोसेसरच्या पंख्याखाली हळदीचा पिवळा नमदा बसलेला असतो. ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांजवळ तोच काळपट असतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवर भार असतानाही 'स्पीड' ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळत असेल तर आधी उष्णतेवर संशय घ्या. लॅपटॉप असेल तर पॉवर सेव्हर लागलाय का तेही बघा.

साफ करताना वायर काढा, इंचभर रुंदीचा कोरडा ब्रश घ्या आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा पंखा ब्लोअरनं भन्नाट फिरवायची मजा वाटते, बेअरिंग तिथंच जातं. हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) काढला तर जुनी पेस्ट पुसून नवी मसुराच्या दाण्याएवढी लावा. पोळीला तूप लावल्यासारखी चोपडू नका.

ब्राउझर: रोज कॅशे उडवणारे

सेवा केंद्र चालवणाऱ्यांत ही सवय फार. सकाळी आलं की ब्राउझरची सगळी हिस्ट्री, कुकीज, कॅशे साफ. देवापुढं दिवा लावावा तसं. कॅशे म्हणजे त्याच त्याच साइटची चित्रं आणि स्क्रिप्ट पुन्हा डाउनलोड करायला लागू नयेत म्हणून जवळ ठेवलेला साठा. रोज उडवला की प्रत्येक पोर्टल पहिल्यापासून उतरवावं लागतं, वर लॉगिन गेलं, ओटीपी पुन्हा, आणि बाहेर रांग. एखादी साइट अर्धवट दिसत असेल तेव्हाच कॅशे काढा, आणि त्या वेळी फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'वर टिक ठेवा. कुकीज आणि पासवर्डला हात नको.

खरा भार एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचा असतो. पीडीएफ जोडणारं, फाँट बदलणारं, स्क्रीनशॉट घेणारं, कूपन शोधणारं, एकेका कामासाठी घेतलेलं आणि कायमचं मुक्कामाला राहिलेलं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते समोर. तीनच्या वर एक्स्टेन्शन ठेवू नयेत, हा आमचा हट्ट समजा. त्यातलं एक जाहिराती अडवणारं असू द्या: क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन लाइट, फायरफॉक्सवर पूर्ण यूब्लॉक ओरिजिन.

उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत पाच व्हायरस' अशा पाट्या येतात, तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. भरतीच्या जाहिराती किंवा निकाल बघताना कुठल्यातरी साइटला घाईत 'अलाउ' दाबलेलं असतं, तिचे ते निरोप. गोंधळ पुढं होतो. माणूस घाबरून त्याच पाटीवर क्लिक करतो आणि बूस्टर उतरवतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'अलाउड' यादीतलं अनोळखी सगळं काढा आणि वर साइट्सना विचारायचीच बंदी घाला.

क्रोमचा मेमरी सेव्हर परफॉर्मन्स सेटिंगमध्ये आहे, ४-८ जीबीच्या मशीनवर चालू ठेवा. पण तो न वापरलेला टॅब झोपवतो, परत गेल्यावर पान पहिल्यापासून लोड होतं आणि अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो. ज्या पोर्टलवर फॉर्म भरता ते 'नेहमी चालू ठेवा'च्या यादीत घाला. सिस्टिम सेटिंगमधलं क्रोम बंद केल्यावरही मागं चालू ठेवायचं बटण बंद करा. आणि ब्राउझर हळू आहे म्हणायच्या आधी एकदा मोबाईलचा हॉटस्पॉट लावून तेच पान उघडा. पळालं तर दोष मशीनचा नाही, लाइनचा आहे.

रॅम आणि जुनं विंडोज

रॅम घ्यायला जायच्या आधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. 'एक ऑफ दोन' असेल तर तेवढीच आणखी एक पट्टी टाका. डीडीआर-थ्रीच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवलेली पट्टी घेऊन दुकानात येणारे अजून आहेत.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल मशीनवर टीपीएम या सुरक्षेच्या चिपची अट चुकवून विंडोज ११ कोंबणारे वाढलेत. ४ जीबीवर ते नुसतं उभं राहतं, चालत नाही. मशीन फक्त ब्राउझरसाठी असेल तर लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता बघता येतं. प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन दोन्ही त्यावर चालले, तरच इन्स्टॉलचं बटण दाबा.