डाय कटरवर क्विल्टचा ब्लॉक करताना आधी कापडाचा उभा धागा बघा

डाय कटर म्हणजे डायवर (फोममध्ये धारदार पाती बसवलेल्या साच्यावर) कापड ठेवून रोलरमधून दाबून कापायचं मशीन. ते घरी आलं की वाटतं, चला, कापायची कटकट गेली, हँडल फिरवलं की झालं. कापणं सोपं होतं हे खरंच आहे. पण ब्लॉक (क्विल्ट म्हणजे गोधडी, तिचा एक चौकोनी भाग) बरोबर बसणार की नाही हे कापड डायवर कसं ठेवलंय आणि शिवताना माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, किती घेतलीय यावर ठरतं, आणि ही दोन्ही कामं आपल्याच हातात राहतात. म्हणून त्या दोन गोष्टींवर मी इथे जास्त बोलणार आहे.

नवीन असाल तर फ्रेंडशिप स्टार करा. अमेरिकन क्विल्टमधला जुना आणि सोपा ब्लॉक आहे. तीन बाय तीन अशी नऊ घरं, मधल्या घरात रंगीत चौकोन, चार कोपऱ्यांत साधे चौकोन, आणि उरलेल्या चार घरांत एक रंगीत नि एक साधा त्रिकोण जोडून केलेला चौकोन. डाय दोनच लागतात, ४.५ इंची चौकोन आणि हाफ स्क्वेअर ट्रँगल (चौकोन तिरका अर्धा केल्यावर होतो तो त्रिकोण), ज्यावर ४ इंच फिनिश्ड असं लिहिलेलं असतं. फिनिश्ड म्हणजे शिवून झाल्यावर दिसणारं माप. माया डायमध्ये धरलेलीच असते त्यामुळे वरून आणखी धरू नका. असा ब्लॉक शिवून १२ इंचाचा होतो.

कापड सुती कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन घ्या. ब्लाउजचं रुबिया पातळ असतं, थरात सरकतं, सुरुवातीला नकोच. आधी धुवा, विशेषतः लाल आणि मरून, कारण रंग कच्चा असला तर पुढे पांढऱ्या तुकड्यांवर उतरतो आणि मग काही करता येत नाही. धुतल्यावर हलकी खळ लावून कडक इस्त्री करा, चुरगळलेलं कापड डायखाली गेलं की तुकडा वाकडाच येणार.

आता धागा. कापडाच्या किनारीला समांतर जातो तो उभा धागा, तो फारसा ताणत नाही, आडवा मात्र ताणतो. रोलर कापडाला पुढे ओढत नेतात, त्या दिशेला आडवा धागा आला तर कापड ताणलेल्या अवस्थेत कापलं जातं आणि बाहेर आलं की परत आकसतं. माझ्या पहिल्या लॉटमध्ये हेच झालं, डायवरून चौकोन अगदी सुबक दिसत होते आणि टेप लावला तर एका बाजूने सूतभर (इंचाचा आठवा भाग) कमी, वीसच्या वीस. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, चांगलं कापड होतं ते. तर उभा धागा नेहमी मशीनमध्ये जाण्याच्या दिशेने ठेवायचा. तुकड्याला किनार नसेल तर दोन्ही हातांनी आधी एकीकडून मग दुसरीकडून ओढून बघा, जिकडे कमी ताणतं तो उभा.

कापड आकारापेक्षा थोडं मोठं घ्या, ४.५ इंची चौकोनाला ५ इंची पट्टी पुरते. डाय फोमची बाजू वर करून ठेवा, त्यावर कापड, त्यावर कटिंग मॅट, आणि हँडल न थांबता एकाच दिशेने फिरवा. सुती कापडाचे सहा थर बऱ्याच डायमध्ये चालतात, पण आपल्या डायवर जी मर्यादा लिहिलीय ती पाळा आणि पहिल्यांदा दोनच थर घालून बघा. लांब पाती रोलरला समांतर येत असेल तर डाय जरा तिरका घाला, नाहीतर तिथे धक्का बसतो. मॅटवर पात्यांचे चरे पडतात, म्हणून ती दरवेळी उलटी-सुलटी करत राहा, एकाच चऱ्यात पाती परत परत गेली की तिथले धागे अर्धवट कापले जातात. फोममध्ये अडकलेले दोरे जुन्या टूथब्रशने काढा.

शिवताना माया पाव इंच म्हणजे दोन सूत, खरं तर त्याहून एक-दोन धागे कमीच घ्या, कारण कापड दुमडताना थोडी जागा खातं. चाचणी म्हणून १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा, मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली पाहिजे. दिसली नाही तर सुईची जागा बदला किंवा मशीनवर टेप चिकटवून खूण करा, पण हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, असते, नुसती हातात लोंबकळत धरली तरी ताणते, तेव्हा कापल्यावर आडवे ठेवा आणि लगेच शिवा. डायने टोकं आधीच छाटलेली असतात, त्यामुळे दोन त्रिकोण एकावर एक अगदी बरोबर बसतात. शिवण गडद रंगाकडे वळवा आणि इस्त्री दाबून उचला, घासू नका.

मग नऊही तुकडे टेबलावर मांडा. प्रत्येक रंगीत त्रिकोणाची एक आखूड बाजू मधल्या चौकोनाला टेकलेली हवी आणि चारही त्रिकोण एकाच दिशेला वळलेले, भिरभिऱ्यासारखे. मोबाईलवर फोटो काढून बघा, एखादा उलटा लागला असेल तर फोटोत चटकन दिसतो. आडव्या तीन ओळी शिवा. वरच्या आणि खालच्या ओळीच्या शिवणी बाहेर कोपऱ्यांकडे वळवा, मधल्या ओळीच्या आत चौकोनाकडे, म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि टोकं जुळतात. तिथे टाचणी लावाच.

तयार ब्लॉक १२.५ इंच भरला पाहिजे, कडेची माया अजून बाकी असते, शेजारच्या ब्लॉकला जोडल्यावर तो १२ चा दिसतो. १२.२५ भरला तर माया जास्त गेलीय, प्रत्येक शिवणीत एक सूत कापड जादा गेलं की एवढंच कमी पडतं. ४८ बाय ६० इंचांच्या क्विल्टला असे २० ब्लॉक लागतात, म्हणजे साधे चौकोन ८०, रंगीत २०, आणि त्रिकोण दोन्ही रंगांचे ८०-८०. हे सगळं एकदम कापून ठेवायचा मोह होतो, पण आधी एका ब्लॉकपुरतंच कापा, तो शिवा, टेप लावा, आणि १२.५ आला की मगच बाकीच्या कापडाला हात लावा.