‘तो काही करत नाही’ हे आधी सोडा: कुत्र्यासोबत ट्रेक करताना होणाऱ्या चुका

पायवाटेच्या वळणावर समोरून कुणीतरी येतं, आपला कुत्रा त्यांच्याकडे झेपावतो आणि आपण मागून ओरडतो, ‘घाबरू नका, तो काही करत नाही!’ हे वाक्य माझ्याही तोंडून अनेकदा निघालंय. पण समोरच्याला कधीकाळी कुत्रा चावलेला असेल, तर आपल्या हमीचा त्याला काय उपयोग? शिवाय ‘काही करत नाही’ म्हणजे आपल्या लेखी चावत नाही, एवढंच. चिखलाने भरलेले पाय कुणाच्या छातीवर ठेवणं त्यात धरलेलंच नसतं.

यामागची खरी चूक बहुतेकदा पट्ट्याची असते. घराजवळच्या मैदानात हाकेसरशी येणारा कुत्रा डोंगरात नव्या वासांच्या नादात नाव विसरतो. साधारण पावणेदोन-दोन मीटरचा साधा पट्टा सगळ्यात बरा. आपोआप गुंडाळला जाणारा लांब पट्टा अरुंद वाटेवर नकोच. त्याची बारीक दोरी दुरून दिसत नाही, माणसांच्या पायात अडकते आणि वेगाने घासली गेली तर कातडी सोलते.

समोरून माणसं आली की थांबायचं आपण. वाटेच्या कडेला व्हा, कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्या, म्हणजे तो आणि ते यांच्यामध्ये आपण असू. घोडे किंवा खेचरं येत असतील तर शक्यतो उताराच्या, म्हणजे खालच्या बाजूला उभे राहा आणि शांतपणे बोलत राहा. वरच्या अंगाला गप्प उभी असलेली आकृती त्या जनावरांना दबा धरून बसलेल्या शिकाऱ्यासारखी वाटू शकते.

कुत्रा माणसं दिसताच भुंकतो, ताणतो? अशा वेळी आपण पट्टा गच्च आवळतो, आणि तिथेच बिघडतं. ताणलेल्या पट्ट्याने त्याची बेचैनी आणखी वाढते. भुंकणं सुरू होण्याआधी अंतर वाढवा. समोरचे दिसले, पण कुत्रा अजून शांत आहे, तेव्हाच बाजूला जाऊन आवडता खाऊ द्यायला लागा आणि ते पार होईपर्यंत देत राहा. भुंकायला लागल्यावर खाऊ काढला तर तो त्याला दिसतही नाही.

दुसरा कुत्रा भेटला की ‘करू दे ओळख’ म्हणून नाकाला नाक लावू देणं मला पटत नाही. आधी मालकाला विचारा. शेपूट हलतेय म्हणजे खुशीच, असंही नाही: अंग ताठ, शेपूट उंच आणि नजर रोखलेली असेल तर ते भांडणाचं लक्षण असू शकतं.

आता शी. पिशवीत भरून ‘परतताना उचलू’ म्हणून वाटेकडेला ठेवलेल्या पिशव्या मला उघड्या घाणीपेक्षा जास्त खटकतात. परतताना त्या आठवत नाहीत, किंवा आपण दुसऱ्याच वाटेने उतरतो. ‘जंगलातली जनावरंही करतातच की’ हा युक्तिवादही लंगडा आहे. जंगली प्राणी तिथलंच खाऊन तिथेच टाकतात; आपला कुत्रा बाहेरचं पोषण तिथल्या मातीत आणि पाण्यात ओततो. शिवाय त्यातून गोलकृमीची अंडी पसरू शकतात आणि ती मातीत दीर्घकाळ टिकतात. दुहेरी पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा सॅकला बाहेरून लटकवा, वासाची तक्रार उरणार नाही.

माथ्यावर लोक डबे उघडून बसले असतील तर लांब बसा. पाण्यातून निघालेला कुत्रा हमखास माणसांच्या घोळक्यात येऊनच अंग झटकतो, का ते त्यालाच ठाऊक. त्याला आधीच बाजूला न्या.

आणि एवढं करूनही पट्टा हातातून सुटलाच तर? पाठलाग करू नका, त्याला तो खेळ वाटतो. समोरच्यांना ‘जागेवर उभे राहा, हात हलवू नका’ असं सांगा आणि स्वतः उलट दिशेला पळत आनंदी आवाजात हाक मारा. आला की पट्टा अडकवा, खाऊ द्या आणि मग त्या माणसांची माफी मागा. राग कितीही आला तरी कुत्र्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी हाक ऐकून तो यायचाच नाही.