इंग्रजीतली षष्ठी : अपॉस्ट्रॉफी नेमका कुठे द्यायचा?

मराठीत चा-ची-चे वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत वस्तू काहीही असो, अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह (’) लागतं ते मालकाच्या शब्दाला. म्हणून आधी मालक कोण ते ठरवा, तो शब्द पूर्ण लिहा आणि मग त्याचं शेवटचं अक्षर बघा.

सदाशिव पेठेतल्या मुलींच्या वसतिगृहाची पाटी घ्या. मालक अनेक मुली, म्हणजे शब्द झाला 'गर्ल्स'. अनेकवचनाचा एस शेवटी आलेलाच आहे, तेव्हा त्याच्यानंतर नुसता अपॉस्ट्रॉफी. तो एसच्या आधी टाकला की वसतिगृह एकाच मुलीचं होतं! 'चिल्ड्रन', 'विमेन' मात्र अनेकवचनी असूनही एसने संपत नाहीत. त्यांना अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही लावा. रजेच्या अर्जातही हेच: 'वन डेज लीव्ह'मध्ये चिन्ह एसआधी, 'टू डेज लीव्ह'मध्ये एसनंतर.

सगळ्यात जास्त घोळ 'इट्स'चा होतो. 'त्याचं' या अर्थी चिन्ह अजिबात नको. चिन्ह दिलं की ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतं. शंका आली तर ती जोडी घालून वाक्य वाचा. 'युवर्स', 'देअर्स' हेही बिनचिन्हाचेच.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात 'सारीज' मिळतात, तिथे मालकी कुणाचीच सांगायची नाही; अशा साध्या अनेकवचनाला चिन्ह देऊ नका.

आणि 'त्याने आपली छत्री घेतली' याचं 'ही टुक ओन अम्ब्रेला' होत नाही. 'आपली'च्या जागी कर्त्याप्रमाणे 'हिज', 'हर' किंवा 'देअर' घालावंच लागतं.