डार्ट बेडकांची पेटी नागपुरात उभारताना या चुका टाळा

काचेच्या पेटीत हौसेने पाळले जाणारे छोटे, रंगीत डार्ट बेडूक मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील वर्षावनांतले. तेथे झाडांखालची सावली सतत ओलसर असते आणि या बेडकांना साधारण 22 ते 26 अंश सेल्सिअस तापमान मानवते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते. थंड देशांतील मार्गदर्शन प्रामुख्याने पेटी उबदार कशी ठेवावी हे सांगते. आपल्याला नेमकी उलटी अडचण सोडवायची असते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कूलरच्या भरवशावर राहणे. कूलरच्या हवेने आपल्याला बरे वाटते ते हवा काहीशी गार होते आणि घामही सुकतो म्हणून. काचेच्या जवळजवळ बंद पेटीत ती हवा शिरतच नाही, त्यामुळे पेटी खोलीइतकी तापते आणि वर दिव्याची उष्णता तिच्यात भर घालते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर लावलेली खोलीसुद्धा सहसा 30 अंशांच्या आसपास राहते, आणि तेवढी उष्णता काही तास टिकली तरी बेडूक दगावू शकतो. पावसाळ्यात तर कूलर नुसताच दमटपणा वाढवतो. म्हणून एसीची खोली नसेल तर हा छंद नागपुरात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर एसी बहुधा चालत नाही. अशा वेळी ओल्या शेवाळाच्या हवेशीर डब्यात बेडूक ठेवून तो डबा थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्यांपासून थोडा दूर ठेवावा. बर्फ थेट लावू नये. पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीशी पेटी ठेवणे ही याच चुकीची धाकटी बहीण.

बेडूक आणण्यापूर्वी सजवलेली पेटी एप्रिल-मे रिकामीच चालवावी आणि आतले कमाल तापमान रोज टिपावे. इतका धीर फार थोड्यांना असतो. हिवाळ्यासाठी हीटिंग पॅड घेण्याची घाई मात्र करू नये. रात्री काही तास 18 अंशांपर्यंतची घट हे बेडूक सोसतात.

एसीची हवा कोरडी असते, म्हणून झाकण पूर्ण जाळीचे ठेवल्यास फवारलेले पाणी तासाभरात उडून जाते. उलट पूर्ण बंद केल्यास हवा कोंदते. बहुतेक भाग काचेने झाकून जाळीची अरुंद पट्टी मोकळी ठेवावी. फवारणीनंतर धुरकटलेली काच काही तासांत निवळली तर प्रमाण बरोबर आहे. दिवसभर निवळत नसेल तर पट्टी रुंद करावी. आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असावी.

मातीला कुजका वास येऊ लागला, तर निचरा चुकला आहे. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर बारीक जाळी आणि त्यावर काथ्याचा भुसा, कोळसा व झाडाची साल यांचे मिश्रण असावे. वर देशी बदामाची वाळलेली पाने उकळून पसरावीत, पण ती कीटकनाशक न मारलेल्या झाडाचीच असावीत. पाण्याचे भांडे उथळच ठेवावे, कारण हे बेडूक चांगले पोहत नाहीत. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी थेट फवारू नये. डासांच्या अगरबत्तीचा धूरही त्या खोलीत नको, कारण बेडकाची त्वचा सारे शोषून घेते.

एका पेटीत दोन जाती ठेवू नयेत. बेडूक झटके येऊन ताठरत असेल, तर बहुधा खाद्यावर भुरभुरायची कॅल्शियमची पूड कमी पडली आहे. अनेक डार्ट बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापार नियमनाच्या यादीत आहेत आणि वन्यजीव कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक आहे. कागदपत्रांविना मिळणारा बेडूक घेऊ नये.

शेवटची चूक खाद्याची. बेडूक थंड खोलीत आणि फळमाशांच्या बरण्या स्वयंपाकघरात, अशी विभागणी केली की मे महिन्यात माश्यांची पैदास थांबते, कारण 30 अंशांच्या आसपास नर वांझ होतात. बरण्याही एसीच्याच खोलीत, पाणी भरलेल्या परातीत ठेवाव्यात, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत.