सोटालॉल सुरू असताना काय सांभाळायचं

सोटालॉल हृदयाची बिघडलेली लय सावरतं आणि कधीकधी त्याहून घातक लय स्वतःच सुरू करून देतं. ही गोळी हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट अडवते, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर पेशींना पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. ईसीजीवर हा वेळ क्यूटी अंतरात दिसतो. गुण बराचसा त्यातूनच येतो. पण क्यूटी फार लांबलं की ‘टोरसाड’ नावाची वेगवान, जीवघेणी लय उसळू शकते. नाडी मंद असताना हा परिणाम उलट वाढतो, तेव्हा ठोके शांत आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

सुरुवात रुग्णालयातच, किमान 3 दिवस मॉनिटरवर करावी. आधीचं क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेलं क्यूटी, 450 मिलिसेकंदांच्या आत हवं. पहिला डोस बहुधा 80 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. डोसनंतर 2 ते 4 तासांनी ईसीजी काढतात. क्यूटीसी 500 वर गेलं तर डोस कमी होतो किंवा औषध बंद. सोटालॉल मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचं माप) मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली आलं की दिवसातून एकदाच, आणि 40 च्या खाली एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) अजिबात नाही. रक्तातलं पोटॅशियम लिटरला 4 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर ठेवायचं, मॅग्नेशियमही तपासायचं.

घोटाळा बहुतेकदा घरी आल्यावर होतो. जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं, आणि त्यात मेडिकलवाल्याकडून ॲझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा ऑनडान्सेट्रॉन (उलटीवरचं औषध) आणलं जातं. दोन्ही क्यूटी लांबवतात. लिव्होफ्लॉक्सॅसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं), एस्सिटॅलोप्रॅम (नैराश्यावरचं) तशीच. ॲसिडिटीच्या गोळीत पँटोप्राझोलबरोबर अनेकदा डॉमपेरिडोन असतं, तेही क्यूटी लांबवतं आणि ते पाकिटावर वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे, दातांच्या सुद्धा, सोटालॉलचं पाकीट घेऊनच जा.

जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पोटॅशियम तपासा. डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नका. गोळी मनाने अचानक थांबवणंही धोक्याचं.

डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली किंवा एकाएकी जोराची धडधड सुरू झाली तर 108 ला फोन करा आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. टोरसाड असेल तर रुग्णालयात शिरेतून 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देतात, रक्तातली मॅग्नेशियमची पातळी नॉर्मल असली तरी.