इंदूरच्या मराठी घराण्याचा मूळ पुरुष कसा शोधावा

इंदुरातील जुन्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: आमचे मूळ पुरुष मल्हारराव होळकरांबरोबर माळव्यात आले. काही घराण्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु असे सांगणाऱ्या सर्वांचेच म्हणणे मान्य केले, तर मल्हाररावांच्या फौजेत भाले पेलणाऱ्यांपेक्षा बोरू चालवणारेच अधिक होते, असा निष्कर्ष काढावा लागेल. म्हणून शोधास बसताना हे वाक्य खोटेही मानू नये आणि सिद्धही मानू नये. ते बाजूला ठेवून आधी एवढेच ठरवावे की आपला पूर्वज कोणत्या काळात आणि कोणाच्या चाकरीत इकडे आला. त्याचे कागद कोणत्या दप्तरात सापडतील, हे मुख्यतः या एका गोष्टीवरून ठरते.

मराठी माणसे माळव्यात एकाच वेळी आली नाहीत. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला, त्यानंतर होळकर, शिंदे आणि पवार यांचे पाय माळव्यात रोवले गेले, आणि त्यांच्यामागे शिलेदार, बारगीर, पागेची माणसे व हिशेबापुरते कारकून आले. दुसरी लाट अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतील, म्हणजे १७६७ ते १७९५ या काळातील. तिचे केंद्र इंदूर नसून महेश्वर होते, आणि तिच्यात शास्त्री, पुराणिक, भिक्षुक व कारकुनी घराणी होती. तिसरी लाट १८१८ नंतरची. त्या वर्षी ६ जानेवारीस मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरास आली, आणि काही महिन्यांतच पेशवाई बुडाल्यामुळे पुण्याकडील दप्तरी कामात मुरलेल्या अनेकांना नवी चाकरी शोधणे भाग पडले. इकडे तात्या जोग यांच्या दिवाणगिरीत राज्याचा कारभार नव्याने बसत होता. चौथी लाट इंग्रजी शिकलेल्यांची. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, १८७० च्या दशकात ती रेल्वे आली, आणि मग मास्तर, वकील, डॉक्टर व ओव्हरसियर गाडीत बसून इंदुरास उतरू लागले. ‘मल्हाररावांबरोबर आलो’ असे सांगणारी बरीच घराणी कागद उघडल्यावर तिसऱ्या लाटेतली निघतात, असे माझे मत आहे. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

शोधाची सुरुवात मात्र मूळ पुरुषापासून करू नये. ती स्वतःपासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे, व प्रत्येक पायरीला कागदाचा आधार घ्यावा. शाळेचा दाखला, नोकरीचे सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, वाड्याचे खरेदीखत, वाटणीपत्र आणि मृत्युपत्र एवढ्यावर बहुधा १९०० पर्यंत पोहोचता येते. त्याच्या मागे जाण्यासाठी घरातील जन्मपत्रिकांच्या भेंडोळ्या फार उपयोगी पडतात, कारण त्यांत शक, तिथी, जन्मस्थान आणि वडिलांचे नाव असते, आणि पत्रिका करणाऱ्या जोशांनी कित्येकदा आजोबांचेही नाव लिहिलेले असते. जन्मस्थान म्हणून जिथे ‘इंदूर’ ऐवजी प्रथमच दक्षिणेतील गावाचे नाव दिसते, ती पत्रिका सर्वांत मोलाची समजावी. हे जुने कागद लॅमिनेट करू नयेत. धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावेत आणि कामासाठी त्यांची छायाचित्रे वापरावीत.

कागद नसतील तेथे श्राद्ध कामास येते. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा, तशाच आई, आजी, पणजी, आणि पुढे आईकडील तीन पिढ्या गोत्रासह उच्चारल्या जातात. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला नुसते ‘पूर्वजांची नावे सांगा’ म्हटले तर दोन पिढ्यांपुढे गाडी सरकत नाही. परंतु ‘पक्षाला कोणाकोणाची नावे घेता?’ असे विचारले की सगळी नावे ओळीने येतात. कुलोपाध्यायांच्या वहीत ही यादी लिहिलेली असेल तर तीही उतरून घ्यावी, कारण आजी-पणजींची नावे इतरत्र क्वचितच सापडतात.

तिथी उतरताना एक खबरदारी घ्यावी लागते, आणि ती दक्षिणेतून उत्तरेत आलेल्या घराण्यांना विशेष लागू आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यातील हिंदी पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात त्यामुळे फरक पडत नाही. वद्य पक्षात मात्र महिन्याचे नाव बदलते. घरात आजोबांची तिथी माघ वद्य पंचमी असेल आणि उज्जैनच्या पंड्याच्या वहीत फाल्गुन कृष्ण पंचमी लिहिलेली असेल, तर तो एकच दिवस आहे. हे ध्यानात न ठेवल्यामुळे एकाच माणसाची दोन माणसे होऊन वंशवृक्षात एक फांदी उगाच वाढते.

नावांचा घोटाळा याहून मोठा. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे रामचंद्र विष्णू, विष्णू रामचंद्र, पुन्हा रामचंद्र विष्णू अशी साखळी तयार होते, आणि साठ वर्षांच्या अंतराने आलेले दोन कागद एकाच रामचंद्राचे वाटू लागतात. अशा वेळी सही, हुद्दा आणि भावांची नावे ताडून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. दत्तक गेलेल्या मुलाच्या वडिलांचे नाव एका कागदात जनक पित्याचे, तर दुसऱ्यात दत्तक पित्याचे असते. आडनावही स्थिर नसते. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दप्तरदार, बक्षी ही मुळात हुद्द्यांची नावे असल्यामुळे चाकरीबरोबर आडनाव बदलले असण्याची शक्यता असते, आणि मूळ गावातील भाऊबंद अजूनही जुन्याच आडनावाने नांदत असतात. पत्रांतील मायन्यावरून तर नाते कधीच ठरवू नये, कारण ‘तीर्थरूप’ हे वडिलांना लिहीत तसेच चुलत्यालाही लिहीत, आणि ‘चिरंजीव’ पुतण्याही असे व धाकटा भाऊही. ब्राह्मणेतर घराण्यांच्या कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी, एवढे कळले तरी अर्धे नाते सुटते.

मूळ गाव ठाऊक नसेल तर कुलदैवत विचारावे. कुलदैवत गाव सांगत नाही, पण मुलूख पुष्कळ आवळते: गुहागरच्या व्याडेश्वराकडे बोट दाखवणाऱ्या घराण्याने सातारा-नगरकडे शोधत बसण्यात अर्थ नसतो. जेजुरी आणि तुळजापूर यांचा उपयोग कमी, कारण त्यांचे भक्त सर्वत्र पसरलेले आहेत.

यानंतर तीर्थक्षेत्रे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वहस्ते लिहिलेले लेख असतात, आणि माळव्यात स्थायिक झालेल्या घराण्यासाठी याच्या तोडीचे दुसरे साधन मला दिसत नाही. याचे कारण असे की यात्रेकरू तेथे आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव तर लिहितोच, शिवाय ‘मूळ गाव अमुक, परगणे तमुक, हल्ली वस्ती इंदूर’ असेही लिहितो. म्हणजे निघाल्याचे आणि पोहोचल्याचे ठिकाण एकाच ओळीत हाती येते. उपाध्ये आडनाव आणि मूळ गाव यांवरून वही काढतात. मूळ गाव माहीत नसेल तर जात, गोत्र व हल्लीचे गाव सांगून शोध घेण्याची विनंती करावी, आणि पर्वणीच्या किंवा पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नये. लेख जसा असेल तसाच, त्यातील चुकांसह उतरवावा, परवानगी मिळाल्यास छायाचित्र घ्यावे, व उपाध्यांचे नाव, वहीची खूण आणि पान टिपून ठेवावे. दक्षिणा आधी बोलून घेतलेली बरी. काशी, प्रयाग, गया, आणि जवळची म्हणून उज्जैन व ओंकारेश्वर येथेही अशाच वह्या पाहाव्यात.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कागद मोडीत असल्यामुळे मोडी शिकण्याला पर्याय नाही. निदान आपले आडनाव, गावाचे नाव आणि कालगणना एवढे तरी वाचता आले पाहिजे. मग संपूर्ण वाचन जाणकाराकडून करून घेता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून नावे अंदाजाने ‘सुधारू’ नयेत. तारखा बहुधा शुहूर सनात, म्हणजे मराठी दप्तरांत चालणाऱ्या अरबी नावांच्या कालगणनेत असतात, आणि वर्ष आकड्याने नव्हे तर अरबी शब्दांनी, एकंस्थानापासून उलटे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने जून ते डिसेंबरच्या कागदांना ५९९ आणि जानेवारी ते मेच्या कागदांना ६०० मिळवावे. ११६१ चा पौषातील कागद त्यामुळे जानेवारी १७६१ चा, म्हणजे ऐन पानिपताच्या दिवसांतला ठरतो. शकाच्या आकड्यात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि पुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे. पानिपताची पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ हीच १४ जानेवारी १७६१ येते, म्हणून हिशेब बरोबर जमतो की नाही हे तपासण्यास ही तारीख सोयीची आहे. ‘छ’ या अक्षरापुढील आकडा चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्यातील दिवसाचा असतो.

आता दप्तरे. पूर्वज १८१८ च्या आधी आला असेल तर इंदुरात फार काही मिळण्याची आशा धरू नये. १८०१ च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले आणि जाळले, तेव्हा वाड्यावाड्यांतील कागद किती वाचले असतील याची कल्पना करता येते. या काळासाठी पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर, आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथे जावे. होळकरांचा चाकर हा पेशव्यांचा थेट चाकर नसल्यामुळे तो पेशवे दप्तरात रोज दिसणार नाही. इनाम मिळाले, वतनाचा तंटा झाला किंवा देशावर ठेवलेल्या जमिनीबद्दल अर्ज केला, तरच त्याचे नाव येते. म्हणून सरळ रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागण्यापूर्वी गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ छापील खंडांतील नावे चाळून घ्यावीत. देशावर इनाम होते असे घरात सांगत असतील, तर इंग्रजी अमलात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनचे कागद अवश्य पाहावेत. त्यांत हक्क सिद्ध करण्यासाठी दाखल केलेल्या वंशावळी असतात.

होळकरशाहीत ‘दौलत’ (राज्याचा) आणि ‘खासगी’ (राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा) असे दोन वेगळे कारभार होते. खासगीची जहागीर १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे झाली आणि पुढे अहिल्याबाईंनी तिच्यातून देवस्थाने व घाट बांधले. पूर्वज पुजारी, पुराणिक किंवा अन्नछत्रावरील कारकून असेल तर त्याचा शोध लष्करी पथकांत घेत बसू नये. १८१८ नंतरच्या संस्थानी दप्तरांसाठी भोपाळच्या राज्य अभिलेखागारात जावे लागते, आणि माळव्यातील संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रजांच्या सेंट्रल इंडिया एजन्सीच्या पत्रव्यवहारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. जहागीरदार घराण्यांनी १९५१ च्या मध्यभारत जहागीर निर्मूलन कायद्याखालील दाव्यांच्या फायली, आणि शेती असलेल्यांनी जिल्हा कचेरीतील मिसल बंदोबस्त (जमीन-मोजणीचे जुने कागद) व नामांतरणाच्या (जमिनीवरील नाव बदलल्याच्या) नोंदी मागाव्यात. न्यायालयात दाखल झालेल्या वंशावळी आकर्षक दिसतात, पण त्या दावा जिंकण्यासाठी तयार केलेल्या असतात; मुली आणि निपुत्रिक भाऊ त्यांतून सहज गळतात. म्हणून दोन्ही पक्षांच्या वंशावळी शेजारी ठेवून वाचाव्यात.

ग्वाल्हेरच्या घराण्यांनी हे ध्यानात ठेवावे की दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास लष्कर येथे स्थिरावण्यापूर्वी शिंद्यांचे ठाणे उज्जैनला होते, म्हणून पहिली पिढी तेथे शोधावी. वडोदऱ्यात गायकवाडांचे हुजूर दप्तर जपलेले असल्यामुळे काम तुलनेने सोपे आहे. मात्र गुजराती कागदांतील विक्रम संवत कार्तिकापासून सुरू होतो आणि माळव्यातील चैत्रापासून, हा फरक विसरू नये.

मूळ गाव निश्चित झाल्यावर तेथे जावे, पण आधी तालुक्याच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार, कडईपत्रके (जुन्या जमीन-नोंदींची पत्रके) आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहून घ्याव्यात. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात महाराष्ट्रातील अनेक जिल्हा प्रशासनांनी जुन्या मोडी नोंदी स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवल्या आहेत. त्यांचा लाभ इतर जातींच्या घराण्यांनाही होतो, कारण गावाची नोंदवही एकच असते. गावात राहिलेल्या शाखेच्या वंशावळीत आपल्या पूर्वजाच्या नावापुढे ‘परागंदा’ किंवा ‘निपुत्रिक’ असा शेरा दिसला तर निराश होऊ नये, कारण उत्तरेत गेलेल्या भावाचा पत्ता तुटला की मागे राहिलेले लोक त्याची रेघ तेथेच संपवत. अशा वेळी वडिलांचे नाव, भावांची नावे व त्यांचा क्रम, गोत्र किंवा देवक आणि गाव सोडल्याचा अंदाजे काळ, या चार गोष्टी इंदूरच्या बाजूच्या स्वतंत्र कागदाशी जुळतात का ते पाहावे. चारही जुळल्या तर जोड पक्का धरावा. दोनच जुळत असतील तर वंशवृक्षात ती रेघ तुटक काढावी आणि शेजारी कोणता पुरावा अद्याप हवा आहे ते लिहून ठेवावे.